सही करण्याआधी शेवटची पानं वाच

"ताई, तीन महिन्यांत मी बालरोगतज्ज्ञ होईन. एका मोठ्या हॉस्पिटलची पगारी नोकरी हातात आहे. ज्या सरांकडे शिकले ते म्हणतात, माझ्याकडे ये, दोन वर्षांनी भागीदार करतो. नवरा म्हणतो, कर्ज काढू, स्वतःचं क्लिनिक उघड. सरांना नाही म्हणवत नाही, नवऱ्याला हो म्हणवत नाही. झोप उडाली आहे."

अगं डॉक्टर,

पत्रात सर बोलले, नवरा बोलला, हॉस्पिटलही बोललं. तुला काय हवंय, याची एक ओळ नाही.

क्लिनिक जरूर काढ, पण आज नको. भाडं, माणसांचे पगार, महिनोन्महिने अडकलेली विम्याची बिलं, हे वॉर्डात कुणी शिकवत नाही. शिवाय आजवर रात्री अडलं की विचारायला वरचं कुणीतरी होतं. तो आधार एकदम सुटू नये.

सरांचं प्रकरण नाजूक आहे. 'भागीदार करतो' हा शब्द झाला, करार नव्हे. सरळ विचार, मला किती रक्कम घालावी लागेल? ती कशावर ठरणार, यंत्रांवर, पेशंटांकडून यायच्या बाकीवर की नावलौकिकावर? हिशेब बघायला मिळतील का? रात्रीचे कॉल कसे वाटायचे? एवढ्यावर ते रागावले, तर उत्तर मिळालंच समज.

आता नोकरी. पगाराचा आकडा सगळेच बघतात, तू कराराची शेवटची पानं बघ. पगाराची हमी कायमची, की वर्षभराने पेशंटांच्या संख्येवर? सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायची नाही, अशी अट आहे का? आणि विमा, म्हणजे उपचारात चूक झाली असा दावा कुणी लावला तर त्यासाठीचा! काही पॉलिसी फक्त त्या चालू असताना आलेल्या दाव्यालाच लागू पडतात. तू तर मुलांची डॉक्टर. पुष्कळ देशांत मूल सज्ञान झाल्यावरही दावा लावता येतो. तोवर तू ती नोकरी कधीच सोडलेली असशील. मागच्या कामाचं संरक्षण कोण घेणार, पैसे कोण भरणार, हे लिहून घे. करार वकिलाला दाखव, मैत्रिणीला नव्हे.

माझं विचारशील तर, या अटी पटल्या तर दोन वर्षं नोकरी कर. सुट्टीत सरांच्या जागी बदली डॉक्टर म्हणून बसून बघ. तिथली घडी चार आठवड्यांत कळते. नकार मात्र फोनवर देऊ नकोस, जाऊन सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

आणि नवऱ्याला एवढा उत्साह आहे ना? तोवर त्याला जमाखर्च शिकायला बसव.

— ताई