वीस मिनिटं, एकच झाड

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी घरीच शिकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरवलं, पण तासाभरात कंटाळली. काय चुकलं? (एक आई, दहिसर)

उत्तर: ताई, फेरी फार लांबली. सोसायटीतल्या कढीपत्त्यापाशी वीसच मिनिटं थांबा. पावसाळ्यात पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं, तर नीट बघा; बहुधा फुलपाखराची अळी असते! मोठी झाली की ती हिरवी होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून उग्र वासाची शिंगं काढते. मुलं हे विसरत नाहीत. घरी आणायची तर एकच, तोंडाला जाळी बांधलेल्या मोठ्या बरणीत. कोषासाठी आत उभी काडी हवी. पानं रोज ताजी पण कोरडी. ओलीने बुरशी धरते, अळी दगावते. बाजारातला कढीपत्ता नको, फवारलेला असू शकतो. रोज पट्टी शेजारी धरून लांबी लिहून ठेवा. उद्यानातून मात्र काहीच उचलू नका.