उद्यम सर्टिफिकेटवर 'ट्रेडिंग' कुणी लिहिलं?

साकीनाक्याच्या एका वाचकाचे तीन टेम्पो आहेत. एक्स्चेंज ऑफरमध्ये परत घेतलेले जुने फ्रिज, वॉशिंग मशीन घराघरांतून उचलून ते तळोज्याच्या रीसायकलरकडे पोचवतात. ऑफर देणाऱ्या कंपनीने सव्वादोन वर्षांची बिलं थकवलीत. 'मी एमएसएमई, मग 45 दिवसांचा कायदा मला लागू ना?' हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकवा, नाहीतर व्याज भरा, असा तो कायदा.

तुमच्या जाडजूड फाइलमधलं एकच पान मी दोनदा वाचलं. उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणीचा कागद. त्यावर 'ट्रेडिंग' आहे, व्यवसायाचा कोड 46ने सुरू होतो. म्हणजे भंगाराचा घाऊक व्यापारी. 2 जुलै 2021 रोजी केंद्राने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली खरी, पण फायदा बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. 45 दिवसांच्या कायद्यातलं, थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज त्यात बसत नाही. अहो, तुम्ही भंगार घेतही नाही, विकतही नाही. उचलता आणि पोचवता. ही सेवा झाली, कोड 38चा हवा होता. फुकटातली नोंदणी एजंटाला पैसे देऊन केलीत आणि न वाचताच लॅमिनेट करून भिंतीला लावलीत!

दुरुस्ती आजच करा. ती पुढच्या बिलांना कामाला येईल. जुन्यांचं सांगणं कठीण. सिल्पी इंडस्ट्रीज (2021) निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नोंदणीआधीच्या पुरवठ्याला लाभ नाही. कंपनीचा वकील तोच धागा तुमच्या दुरुस्तीपर्यंत ओढणार. जानेवारी 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, तेव्हा एमएसएमई थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करायला हरकत नाही. करारात 'पिकअप चार्जेस, प्रति नग' लिहिलंय, ते तुमच्या बाजूचं. भिस्त मात्र ठेवू नका.

'प्रदूषण मंडळाची नोंदणी नाही' ही कंपनीची सबब मला लंगडी वाटते. 2022च्या ई-कचरा नियमांतल्या नोंदणीच्या यादीत नुसता वाहतूकदार नाही. पण गोदामात फ्रिजचे कॉम्प्रेसर सोडवत असाल, तर ती नुसती वाहतूक राहत नाही, आधी मला सांगा.

खरी घाई मुदतीची आहे. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं, प्रत्येक बिलाची वेगळी. सगळ्यात जुन्याचे नऊच महिने उरलेत. त्यात कमर्शियल दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. या आठवड्यात कंपनीच्या अकाउंट्सकडून सहीशिक्क्याचं लेजर कन्फर्मेशन, म्हणजे थकबाकी कबूल असल्याचा हिशेब घ्या, त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येते. तुम्ही जपून ठेवलेल्या व्हॉट्सॲपवरच्या 'बघतो भाऊ'वर मी कोर्टात उभा राहणार नाही.