जुन्या गाडीवर 50 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतलेल्या वर्षांबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) आहे, ती घरीच ठेवून दुसरी कार घेतली तर बोनस दोन्हींना मिळतो का?

नाही, जुनी गाडी नावावर असेपर्यंत तिचा बोनस तिच्याच पॉलिसीवर राहतो आणि नव्या गाडीची सुरुवात शून्यापासून होते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो हे खरं, पण तो एका वेळी एकाच पॉलिसीला लागतो. चांगली बाजू अशी, की धुळ्याच्या हायवेवर एक गाडी ठोकून क्लेम घेतला तरी दुसरीचा बोनस शाबूत राहतो.

टप्पे 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के, दर बिनक्लेम वर्षाला एक. सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर. तो 8000 असेल तर 50 टक्क्यांनी 4000 वाचतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता पूर्णच भरावा लागतो.

बोनस नव्या कारवर न्यायचाच असेल तर जुनी विका, फॉर्म 29, 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे फॉर्म) च्या प्रती विमा कंपनीला देऊन बोनसचं पत्र घ्या. ते 3 वर्षं चालतं. बाईकचा बोनस मात्र कारला लागत नाही.

लोक फसतात ते इथे: एजंट स्वस्त हप्ता दाखवायला नव्या गाडीवरही 50 टक्के टाकतो. कंपन्या जुन्या विमा कंपनीकडे खात्री करतात, आणि क्लेमच्या वेळी खोटं उघडं पडलं की पैसे अडकतात. शिवाय पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की कमावलेला बोनस जातो. दोन गाड्यांच्या पॉलिसी संपायच्या दोन तारखा असल्या की हे सहज होतं. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या हयातीत त्यांचा बोनस मुलाला मिळत नाही.