मेंदू २५ला पूर्ण होतो म्हणे, मग १९ वर्षांच्या मुलाला एकटं पाठवू का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजचं पहिलं वर्ष संपलंय. यंदा आम्हाला रजा नाही, म्हणून जून-जुलैत तो एकटाच नेरुळला आजी-आजोबांकडे जायचं म्हणतोय. आतेभावाची बाइक चालवायची, पावसात खारघरच्या धबधब्यावर जायचं, असे बेत व्हॉट्सअॅपवर रंगलेत. त्यात कम्प्युटर सायन्स सोडून भूगोल घ्यायचं डोक्यात आहे. माणसाचा मेंदू २५व्या वर्षी पूर्ण होतो असं मी सगळीकडे वाचते. म्हणून त्याला सांगून टाकलं की तोवर मोठे निर्णय आम्ही घेणार. सासरे म्हणतात, "अगं, या वयात मी नोकरीला लागलो होतो." मुलाने माझ्याशी अबोला धरलाय. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या घरातलं भांडण त्या २५वर उभं आहे, म्हणून आधी तेच बघू.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. जे गीड यांनी मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढायला घेतले. तीच मुलं काही वर्षांच्या अंतराने परत बोलवायची आणि मेंदूत काय बदललं ते बघायचं. आकाराचं म्हणाल तर मेंदू सहाव्या वर्षापर्यंतच मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. पण या स्कॅनमध्ये दिसलं ते वेगळंच. वयात येताना मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) पातळ होत जातो, कारण न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात. ही छाटणी साधारण मागून पुढे सरकते आणि कपाळामागच्या भागाची पाळी उशिरा येते. पुढचा विचार करणं, तोंडावर आलेला शब्द गिळणं, ही कामं त्या भागाकडे. दुसरीकडे वायरला प्लास्टिकचं वेष्टण असावं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढत राहतं आणि संदेश झपाट्याने जायला लागतात.

या कामातला जो निबंध खूप गाजला तो २००४चा. त्यात ४ ते २१ वयाची मुलं होती, तीही १३च. स्कॅन २१ला थांबले, बदल थांबले नव्हते. मग 'विशीच्या मध्यापर्यंत' असं बोललं जाऊ लागलं आणि सांगायला सोपा म्हणून २५ चिकटला. त्या वाढदिवसाला मेंदूत काही टप्पा पूर्ण होतो असं कुठल्याही अभ्यासात निघालेलं नाही.

उलट नवीन आकडे बघाल तर चक्रावाल. २०२२ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र करून आलेख काढले गेले. करड्या भागाचं आकारमान सहाव्या वर्षाच्या आसपासच शिखर गाठतं, मायलिन चढलेल्या पांढऱ्या भागाचं जवळजवळ २९व्या वर्षी. २०२५च्या शेवटी केंब्रिजच्या मंडळींनी जवळपास ३,८०० लोकांच्या मेंदूतल्या जोडण्या तपासल्या. त्यांना वळणं सापडली ती ९, ३२, ६६ आणि ८३व्या वर्षी, आणि ९ ते ३२ या टप्प्याला त्यांनी पौगंडावस्थेचंच नाव दिलं. या हिशोबाने तुमच्या लग्नाच्या अक्षता पडल्या तेव्हा बोहल्यावर दोन पोरंच उभी होती! अर्थात तिशीतली माणसं पोरांसारखी वागतात असं ते संशोधक म्हणत नाहीत. मेंदूच्या जोडण्यांचा आराखडा आणि माणसाची अक्कल या दोन गोष्टी एकाच वेळी पिकत नाहीत, एवढंच.

मुलाला पाठवायचं की नाही हे ठरवायला याहून उपयोगाचं संशोधन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. ११ देशांत, त्यात भारतही होता, १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांना त्यांनी तपासलं. शांतपणे बसून, माहिती समोर ठेवून विचार करायची कुवत १६च्या आसपास मोठ्यांइतकी होते. रक्त उसळलेलं असताना, मित्र बघत असताना स्वतःला आवरणं मात्र विशीत शिरल्यावरही सुधारत राहतं. याच स्टाइनबर्गनी मार्गो गार्डनरसोबत २००५ मध्ये गाडी चालवायच्या कम्प्युटर खेळावर एक प्रयोग छापला होता. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. कॉलेजच्या वयातल्या मुलांवरही परिणाम दिसला, थोडा कमी. २४च्या पुढच्यांना मित्र असल्या-नसल्याने फरक पडला नाही.

आता तुमच्या मुलाचे बेत बघा. विमानाने एकटं येणं, आजीच्या घरी दोन महिने राहणं, नेरुळ स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ठाण्याला उतरणं, तलावपाळीवर भटकून परत येणं, यात त्याला अडवायचं कारण मला दिसत नाही. लोकलच्या दारात लटकायचं नाही, एवढं बजावा.

बाइकचं मात्र सरळ नाही म्हणा, आणि कारण वयाचं देऊ नका. त्याच्याकडे अमेरिकेतलं कारचं लायसन्स असेल. त्यावर इंटरनॅशनल परमिट काढलं तरी भारतात मोटरसायकल चालवता येत नाही, त्यासाठी मुळात मोटरसायकलचं लायसन्स लागतं. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि गाडीचा मालक म्हणून तुमचा भाचाही अडकेल. शिवाय पाम बीच रोड. नेरुळच्या सुनेला मी काय सांगायचं, वाशीपासून बेलापूरपर्यंतचा तो सरळ पट्टा रात्री अकरानंतर कसा असतो! चार पोरं, दोन बाइक आणि रिकामा रस्ता, म्हणजे गार्डनर-स्टाइनबर्गचा प्रयोगच, फक्त इथे खेळ संपल्यावर बटण दाबून परत सुरू होत नाही. मागे बसणार असेल तर हेल्मेट त्यालाही लागतं, कायद्यानेच.

धबधब्याचंही तसंच. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते, कारण तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. या गोष्टी निघायच्या आधी, घरात सगळे शांत असताना बोलून घ्या. आणि नियम तुम्ही वाचून दाखवू नका, त्यालाच ठरवू द्या. "सगळे निघाले आणि तुला जायचं नसेल, तर काय सांगून सुटशील?" असं विचारा. 'आजोबांना डॉक्टरकडे न्यायचंय' हे निमित्त नवी मुंबईत कुणीही मुकाट ऐकून घेतं.

सासऱ्यांचंही चूक नाही. १९व्या वर्षी ते नोकरीला लागले असतील, पण डोक्यावर हेडक्लार्क होता, घरी मोठे भाऊ होते आणि पगार आईच्या हातात जात होता. जबाबदारी होती आणि बघणारं कुणीतरीही होतं. नातवाला ते दोन्ही मिळू दे. आजीची महिन्याची औषधं, गॅसचं बुकिंग, सोसायटीचा मेंटेनन्स भरणं ही कामं दोन महिने त्याच्याकडे सोपवा आणि फोन करून "झालं का?" विचारू नका.

कायद्यातल्या वयांनी गोंधळ वाढतो हे खरं. भारतात मतदान १८ला. ६१व्या घटनादुरुस्तीआधी ते २१ होतं. लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१, लोकसभेला उभं राहायला २५. महाराष्ट्रात बिअर २१ला आणि बाकी दारू २५ला. (हे आतेभावालाही ऐकवा.) अमेरिकेत पालकांच्या आरोग्य विम्यावर २६पर्यंत राहता येतं, एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलाचा दर्जा मात्र २१ला संपतो. यातला एकही आकडा मेंदूचं स्कॅन बघून ठरलेला नाही.

कायद्याच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट खरंच करायला हवी. अमेरिकेत मूल १८चं झालं की इस्पितळ तुम्हाला त्याची माहिती द्यायला बांधील राहत नाही. फी तुम्ही भरता तरी कॉलेजचे मार्कही त्याच्या संमतीशिवाय सहसा मिळत नाहीत. त्याच्या सहीने वैद्यकीय मुखत्यारपत्र करून घ्या, प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा असतो. विश्वासाने मागितलंत तर देईल. '२५पर्यंत आम्हीच' म्हणून मागितलंत तर कशाला देईल?

आणि बॅग भरताना स्पष्ट विचारा. न्यू जर्सीत २१ पुरी झालेल्यांना गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) दुकानात मिळतात आणि हॉस्टेलवर त्या कुणाच्याही हाताला लागू शकतात. भारतात तो अमली पदार्थविरोधी कायद्याखालचा गुन्हा आहे. विमानतळावर 'मित्राची होती' याला कोणी विचारत नाही.

त्याचा अबोला तुमच्यावरच्या रागाचा असावा असं पत्रावरून वाटतं. पण मानसिक आजारांची सुरुवात बहुतेक वेळा पंचविशीच्या आतच होते, आणि गांजामुळे काहींचा धोका वाढतो. तो आतेभावाशी हसतोय, बेत आखतोय, हे चांगलं लक्षण आहे. हे बंद झालं, झोप उलटीपालटी झाली, खोलीबाहेर येईनासा झाला, मार्क एकदम घसरले, तर 'वयच असं' म्हणून थांबू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी तिकडे ९८८, इकडे टेलिमानसचा १४४१६, दोन्ही दिवसरात्र चालतात. त्याच्या फोनमध्ये दोन्ही सेव्ह करून द्या.

राहिला भूगोल. हा निर्णय रात्रीच्या पाम बीच रोडवर घ्यायचा नसतो, टेबलावर बसून घ्यायचा असतो, आणि तेवढी कुवत त्याच्यात आलेली आहे. त्याला कॉलेजच्या अॅडव्हायझरला भेटून तीन गोष्टी लिहून आणायला सांगा : आत्तापर्यंतचे किती क्रेडिट वाया जातात, पदवीला एखादं सेमिस्टर जास्त लागतं का, आणि भूगोलासोबत कम्प्युटर सायन्स दुय्यम विषय म्हणून ठेवता येतो का. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे बनवणारी जीआयएसची कामं करायला दोन्ही येत असलेलं उपयोगी पडतं. तो कागद समोर आल्यावर खर्चाचं बोला, कारण तिथे तुमचा हक्क आहे. एखादं सेमिस्टर वाढलं तर त्याची फी कोण भरणार, हे तिकीट काढण्याआधी ठरवून टाका.