बुटांचा फोटो आणि वहीतील नोंद

पत्राचा सारांश: "मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ६.८. सुट्टीत ती समुद्रकिनारी भराव टाकून होणाऱ्या एका उद्यानाच्या जागेवर माती-तपासणीच्या कामाला गेली आणि आता जिओटेक्निकलमध्येच, म्हणजे जमीन-मातीच्या अभियांत्रिकीत, एम.टेक. करायचे म्हणते. बागेसाठी जमीन तपासायला इंजिनिअर कशाला लागतो? तिने चिखलात उभे राहावे म्हणून आम्ही तिला शिकवले नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सची फी सोमवारपर्यंत भरायची आहे. तिची समजूत घालावी. बुटांची अवस्था पाहा, फोटो जोडला आहे. – एक पालक, ठाणे"

नमस्कार.

तिच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती या गोष्टीची, की एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचे म्हणणे अर्ध्या वाक्यात आटोपले आहे आणि तिला हे काम का आवडले, हे तुम्ही तिला विचारल्याचा उल्लेख कुठेही नाही. तुम्ही तिच्यावर प्रेम करता, म्हणूनच तिचे कष्ट तुम्हाला बघवत नाहीत, हे मला कळते. पण वीस वर्षांच्या मुलीची आवड बुटांवरच्या चिखलावरून निकालात काढणे अन्यायाचे आहे. मुलगा त्याच बुटांनी घरी आला असता, तर तुम्ही हे पत्र लिहिले असते का, याचे उत्तर मला नको. स्वतःला मात्र प्रामाणिकपणे द्या.

फोटो तुम्ही बुटांसाठी पाठवलात, पण माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले. एका हातात बोअरमधून, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या खोल छिद्रातून, नुकतीच काढून उघडलेली नमुन्याची नळी आहे, तिच्यात करड्या चिकणमातीत रुतलेले शिंपल्यांचे तुकडे दिसतात. गुडघ्यावर वही आहे आणि तिच्यातली ओळ मोठी करून पाहिल्यावर वाचता येते: "४.५ मी., एन = २". ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडू देतात आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर जमिनीत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ती संख्या म्हणजे एन. इथे साडेचार मीटर खोलीवर दोनच ठोके पुरले, म्हणजे खाली लोण्यासारखा मऊ गाळ आहे. वहीतल्या त्या ओळीखाली तिने बोअरमधील पाण्याची पातळी लिहिली आहे आणि शेजारी वेळ टाकून "भरती" असा शब्द लिहिला आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीतले पाणी भरती-ओहोटीबरोबर हलू शकते, त्यामुळे वेळ न लिहिलेली पातळी फारशी उपयोगाची नसते. ही बारीक नजर सगळ्यांकडे नसते.

आता "बागेसाठी इंजिनिअर कशाला" या समजाविषयी. बागेत इमारत नसते म्हणून जमिनीवर भार नसतो, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु किनाऱ्यावर भराव हाच मोठा भार असतो. तीन मीटर भरावाचे वजन दर चौरस मीटरला पाच टनांच्या वर जाते. साधारण पाच मजली इमारतीचे वजन तिच्या क्षेत्रफळावर वाटले तर जवळपास तेवढेच भरते. शिवाय तशी इमारत अनेकदा पाइलवर, म्हणजे खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभी राहते, तर भराव थेट गाळावर बसतो. त्या दाबाने गाळातले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि जमीन खचत जाते; गाळाचा थर दुप्पट जाड असेल तर त्याला चौपट काळ लागतो. थराची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे खचणेही सारखे होत नाही: फरसबंदीला तडे जातात, गटारांचा उतार उलटा होतो, समुद्राकडची भिंत कलते. जपानमध्ये भरावाच्या बेटावर बांधलेले कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाले. ते बेट दहा मीटरहून अधिक खचले आहे आणि अजूनही खचते आहे. तुमच्या ठाण्याहून जवळच, मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव टाकला गेला आणि त्यातला मोठा भाग उद्यानांसाठी व मोकळ्या जागांसाठी आहे. अशा जागी मुले सायकल चालवणार, आजी-आजोबा फिरणार. तिथली जमीन आधी पाहून ठेवणारा माणूस हवाच.

पुढचा रस्ता सरळ आहे: गेट या प्रवेश परीक्षेचा सिव्हिलचा पेपर आणि मग आयआयटी मुंबई किंवा पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थेत एम.टेक. सहा पॉइंट आठमुळे ते दार बंद होत नाही.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बहुधा कमी असतो, आणि तीन बोअर घेऊन पाचांचा अहवाल लिहिणारी माणसेही इथे भेटतात. पहिली नोकरी अशा ठिकाणी घ्यावी, जिथे वरिष्ठ स्वतः साइटवर येऊन कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधून काढलेल्या नमुन्यांची पेटी, उघडून पाहतात.

तेव्हा तिची समजूत मी घालणार नाही. रविवारी संध्याकाळी तिला ती वही घेऊन शेजारी बसवा आणि साडेचार मीटरवर काय सापडले, हे तिच्या तोंडून ऐका. सोमवारच्या फीचे त्यानंतर पाहू.