नव्या लॅपटॉपमधला पसारा काढायला विंडोज पुन्हा टाकावं का?

खानापूरहून तुम्ही विचारलंय की, मुलीच्या कॉलेजसाठी बेळगावातून नवा लॅपटॉप घेतला, त्यात ट्रायल अँटीव्हायरस, गेम असलं बरंच भरलंय; सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकावं का?

आधी सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन नको ते अनइन्स्टॉल करा. ट्रायल अँटीव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू होतो. बहुतेकांचं काम इथंच भागतं. नुसतं रिसेट करू नका, कंपनीची ॲप्स बऱ्याचदा परत येऊन बसतात.

तरीही कोरं विंडोज हवंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल (पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करून देणारा प्रोग्राम) आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. डाउनलोड मोठं आहे. गावात रेंज नसेल तर बेळगावात कुणा पाहुण्यांच्या वायफायवर उरका. लायसन्ससाठी पैसे देऊ नका. ते मदरबोर्डमध्येच असतं आणि तीच एडिशन (होम किंवा प्रो, लॅपटॉपसोबत आलेली) टाकली की नेट लागल्यावर आपोआप लागू होतं. दुकानात कुणी ‘प्रो टाकून देतो’ म्हणालं तर स्पष्ट नको म्हणा, होमचं लायसन्स प्रोला चालत नाही.

खरं अडतं ते ड्रायव्हरवर, म्हणजे वायफायसारखे भाग विंडोजमध्ये चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर. इन्स्टॉल झाल्यावर कधीकधी वायफायच दिसत नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हरही उतरवता येत नाही. म्हणून इन्स्टॉलर तयार झाल्यावर त्याच पेनड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हर ठेवा. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर पुसण्याआधी ते मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. मराठी आणि कन्नड कीबोर्ड नंतर सेटिंग्जमधून कधीही घेता येतात.