वाचकांचे प्रश्न : जुनी युरोपीय रिव्हॉल्व्हरं

प्रश्न : वाड्याची आवराआवर करताना पणजोबांच्या पेटीत एक छोटं रिव्हॉल्व्हर निघालं. नाव-गाव काही नाही. सिलिंडरवर लंबगोलात ‘ई, एल, जी’ ही रोमन अक्षरं आणि खाली चांदणी आहे. चाप पुढे दुमडून बसतो. सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक भोकापाशी बारीक खाच आहे. हे कुठलं? घरात ठेवलं तर चालेल? (शनिवार पेठ)

उत्तर : आधी एक काम करा. त्या खाचांतून पितळी पिन बाहेर डोकावतेय का, ते हात न लावता पाहा. डोकावत असेल तर आत काडतूस आहे, आणि या काडतुसाची पिन नुसत्या ठोक्यानेही उडू शकते. शंभर वर्षं झाली म्हणून दारू मेली असं समजू नका, कोरडी राहिलेली काळी दारू पेट घेते. वस्तू आहे तिथे राहू द्या आणि पोलीस चौकीला फोन करा. पिशवीत घालून स्कूटरवरून चौकीत नेणं हा सगळ्यांत वाईट मार्ग.

आता ओळख. तो ठसा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला आणि शस्त्र टिकलं, एवढंच तो सांगतो. कारागिराचं नाव त्यात नसतं. 1893 पासून लंबगोलावर मुकुट आला. तुमच्याकडे मुकुट नाही, म्हणजे शस्त्र त्याआधीचं. भिंग घेऊन शेजारी एखादं सुटं अक्षर सापडतं का बघा. त्यावर मुकुट असेल तर ती तपासनिसाची 1877 पर्यंतची खूण, चांदणी असेल तर नंतरची. एवढ्याने काळ पुष्कळ अरुंद होतो. खाचा आहेत म्हणजे पद्धत पिनफायर : घोडा वरून पिनवर आदळतो. फ्रेंच आरमाराने याच पद्धतीचं, लफोशो या फ्रेंच बंदूककाराचं रिव्हॉल्व्हर 1858 मध्ये स्वीकारलं होतं. दुमडणारा चाप असलेली खिशातली रिव्हॉल्व्हरं बहुधा 7 मिमीची असतात. व्हर्नियरने भोकाचं तोंड मोजा.

दुर्मीळ म्हणाल तर नाही. लिएजच्या छोट्या कारखान्यांनी असा माल ढिगाने काढला. त्याच शहरातलं 1868 चं गालाँ (चापाखालची कडी ओढली की नळी नि सिलिंडर पुढे सरकतात) किंवा जर्मनीतलं सिलिंडरवर नागमोडी खोबणी असलेलं 1878 चं माउझर निघालं असतं, तर गोष्ट वेगळी.

कायद्याबाबत गैरसमज फार. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या शस्त्राला सूट देतं. पण दुरुस्त करूनही ते चालण्याजोगं नसावं, अशी अट आहे. ‘याची काडतुसं आता मिळत नाहीत’ हे उत्तर पुरेसं नाही. 2020 च्या नियमदुरुस्तीने ‘क्युरिओ’ वर्गातली शस्त्रं बाळगायला परवान्याची गरज ठेवली नाही. वापरायला किंवा वाहून न्यायला मात्र परवाना लागतोच. आपलं शस्त्र त्या वर्गात बसतं की नाही, हे घरी बसून ठरवू नये. पुणे शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे, पिंपरी-चिंचवडला तिथल्या आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करा. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक ठशाचा जवळून फोटो आणि मापं जोडा. शस्त्र जमा करावं लागलं, तर पावतीवर हेच ठसे लिहून घ्या. ‘एक जुने रिव्हॉल्व्हर’ एवढ्या पावतीवर परत काय हातात येईल, सांगता येत नाही. पेटीत जुनं परवान्याचं पुस्तक सापडलं तर जपा. 1878 च्या कायद्यापासून परवाने आहेत, आणि शस्त्र घरात कसं आलं याचा त्याहून चांगला कागद नाही.

प्रश्न : परवानाधारक विक्रेत्याकडे 1856 चं म्हणून ब्यूमाँट-अ‍ॅडम्स हे इंग्रजी रिव्हॉल्व्हर पाहिलं. अस्सल कसं ओळखायचं? (कोथरूड)

उत्तर : घोड्यापासून सुरुवात करा. रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या 1851 च्या रचनेत घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नव्हती, फक्त चाप ओढायचा. ब्यूमाँटच्या 1856 च्या सुधारणेनंतर दोन्ही जमू लागलं. नळी आणि सांगाडा एकाच तुकड्यातून घडवलेले असतात; सांधा दिसला तर परत ठेवा.

मग ठसे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची जुनी खूण म्हणजे मुकुट, फुली मारलेले दोन राजदंड आणि मध्ये अक्षरं. 1904 मध्ये ती बदलली. नंतरच्या खुणा असतील तर एकतर पुन्हा चाचणी झाली आहे किंवा कोणीतरी बनवाबनवी केली आहे. भिंगाखाली अक्षराची कड पाहा. गंजाचा खड्डा अक्षराच्या कडेला खाऊन गेला असेल तर अक्षर आधीचं. खड्ड्याच्या तळाशीही अक्षर धारदार उमटलं असेल तर ते गंजानंतर मारलेलं. सांगाडा आणि सिलिंडरवरचे क्रमांक जुळतात का पाहा. टोप्या (घोडा आदळला की ठिणगी देणाऱ्या) बसवायच्या बोंड्या चकचकीत असतील तर बदललेल्या आहेत. तो दोष नव्हे, पण किमतीत धरा.

भरलेलं आहे का हे पाहायला, टोप्या नाहीत याची खात्री करून, पाचही भोकांत पुढून पेन्सिलीएवढी लाकडी काडी हलकेच सोडा आणि भोकाच्या तोंडाशी काडीवर खूण करा. चार खुणा सारख्या आणि पाचवी काडीच्या आतल्या टोकाच्या बरीच जवळ आली, तर त्या भोकात गोळी आहे. काढायला जाऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात कितीही तेल लावा, तांबूस पूड येतेच. (सिंहगड रस्ता)

उत्तर : शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवता का? बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली आम्लं लोखंड खातात. पितळेवर हिरवं चढतं तेही त्यानेच. म्यान वेगळं ठेवा.

बोटाला लागते ती नारिंगी पूड म्हणजे चालू गंज. गुळगुळीत तपकिरी थर स्थिरावलेला असतो, त्याला हात लावू नका. पुडीवर पातळ तेलाचा थेंब टाका, रात्रभर मुरू द्या आणि बांबूच्या काडीने टोकरा. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच यांतलं काही नको. ठसे एकदा घासले गेले की वरची दोन्ही उत्तरं निरुपयोगी. नंतर तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. कपाटात सिलिका जेल ठेवा, आर्द्रतामापक लावा, काटा 50 टक्क्यांच्या खाली राहू द्या. हाताळताना हातमोजे घाला, घामातलं मीठ ठशासारखं उमटतं. स्क्रू उघडायचाच असेल तर खाचेत तंतोतंत बसणाऱ्या, समांतर पात्याच्या स्क्रूड्रायव्हरनेच. घरातला निमुळता स्क्रूड्रायव्हर खाच सोलून काढतो आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं.

प्रश्न : मूठ हस्तिदंती आहे. विकता येईल? (कॅम्प)

उत्तर : हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे, वस्तू जुनी असली तरी. आधी वन विभागाकडे विचारणा करा. मूठ काढून वेगळी विकण्याचा विचार तर नकोच.

प्रश्न : परदेशी लिलावात पाठवावं का? (औंध)

उत्तर : शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरवाला ‘शोभेची वस्तू’ लिहून पाठवतो म्हणाला, तर कुरिअरवाला बदला.